इमारतीचे दुखणे ओळखण्याचे शिक्षण : बिल्डिंग सर्व्हेइंगच्या अभ्यासक्रमाचा माझा अनुभव

ऋता
२० एप्रिल, रात्री ९:१०

नमस्कार. पुण्यात स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतल्यानंतर मी इंग्लंडमधील एका विद्यापीठात बिल्डिंग सर्व्हेइंग या विषयाचे एक वर्षाचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि गेल्या वर्षी घरी परतले. तेव्हापासून भेटणारा प्रत्येक जण मला जमिनीच्या मोजणीविषयी विचारतो. त्यांचा काही दोष नाही. आपल्याकडे सर्व्हे म्हटला की टोटल स्टेशन हे मोजणीचे यंत्र, हद्दीचे दगड आणि सातबारा हेच डोळ्यांपुढे येते, आणि माझ्याही पदवीच्या काळात सर्व्हे कॅम्प म्हणजे भर उन्हात स्टाफ, म्हणजे मोजणीची उंच पट्टी, सरळ धरून उभे राहणे, एवढेच मला ठाऊक होते. बिल्डिंग सर्व्हेअर मात्र उभ्या इमारतीचे काम करतो. ती तपासणे, तिच्यात काय बिघडले आहे व ते का बिघडले आहे हे शोधणे, दुरुस्तीचा क्रम ठरवून देणे आणि त्या इमारतीवरून मालक, भाडेकरू व शेजारी यांच्यात उद्भवणाऱ्या तंट्यांत कायद्याला धरून मत देणे, हा त्याचा व्यवसाय. ब्रिटनमध्ये या व्यवसायाला मोठी परंपरा आहे. आज आरआयसीएस या नावाने ओळखली जाणारी सर्व्हेअरांची संस्था लंडनमध्ये १८६८ साली स्थापन झाली.

पहिल्या सत्रात आम्हाला १८९० च्या सुमारास बांधलेल्या एका घरात नेले. एकाला एक लागून असलेल्या विटांच्या घरांच्या रांगेतले ते एक घर होते. पुढच्या खोलीत गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत भिंत ओली होती, कागद सुटला होता आणि खालची लाकडी पट्टी फुगली होती. मी ओल मोजण्याचे यंत्र भिंतीला लावले, आकडा वर गेला आणि मी अहवालात लिहून मोकळी झाले की जमिनीतून ओल चढत असल्यामुळे भिंतीत भोके पाडून रसायन भरावे. त्या अहवालाला मला वर्षातले सर्वांत कमी गुण मिळाले. शिक्षिकेने मला पुन्हा त्या घरी नेले आणि आत न शिरता बाहेरच्या अंगणात उभे केले. त्या भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा होता. कोणीतरी वर्षानुवर्षे त्यात माती घालत गेले होते, आणि ओल अडवण्यासाठी विटांमध्ये घातलेला स्लेट दगडाचा थर त्या मातीखाली चांगला वीतभर गाडला गेला होता. हा थर जमिनीपासून किमान १५० मिलिमीटर वर असावा असा तिथला साधा दंडक आहे. उपाय फावड्याने माती ओढण्याचा होता आणि मी भिंतीला भोके पाडायला सांगितले होते. शिवाय माझ्या हातातले यंत्र पाणी मोजत नव्हते, तर विद्युतवाहकता मोजत होते. ते मुळात लाकडासाठी बनवलेले असल्यामुळे जुन्या गिलाव्यात क्षार साठले असतील, तर भिंत फारशी ओली नसतानाही ते मोठा आकडा दाखवते.

घरी आल्यावर नारायण पेठेतल्या आजीच्या वाड्यात मी गेले, तेव्हा मला ते अंगण आठवले. माझ्या लहानपणी रस्त्यावरून ओट्यावर चढायला तीन पायऱ्या होत्या. आज एक उरली आहे. रस्त्यावर डांबराचे आणि नंतर काँक्रीटचे थर चढत गेले, तसतसे वाड्याचे घडीव दगडाचे जोते जमिनीत जात राहिले, आणि पावसाचे पाणी आता दगडाऐवजी थेट विटांना लागते. ओल दिसते म्हणून काही वर्षांपूर्वी कंबरेइतक्या उंचीपर्यंत सिमेंटचा गिलावा करून घेतला होता. चुन्यातल्या भिंतीतले पाणी चुन्याच्या गिलाव्यातून वाळून जाते. सिमेंटने ती वाट बुजली, आणि पाणी त्या गिलाव्याच्या मागून आणखी वर चढले. आता लोणा, म्हणजे भिंतीवर फुटणारे क्षार, छातीच्या उंचीवर दिसतो. भिंतीत अर्धा बुजलेला सागवानी खांब मी तळखड्यापाशी, म्हणजे खांबाखालच्या दगडापाशी, स्क्रू-ड्रायव्हरने टोचून पाहिला, तर पाते मुठीपर्यंत आत गेले. समोरून त्या खांबाला रंग होता आणि तो अगदी धडधाकट दिसत होता.

चार वर्षे पुण्यात मी तुळई, स्तंभ आणि पाया यांची गणिते केली, परंतु उभ्या भिंतीसमोर उभे राहून ती अशी का झाली, असा प्रश्न मला एकाही परीक्षेत विचारला गेला नव्हता. ज्या शहरात वाडे आहेत, चाळी आहेत आणि आता चाळिशी-पन्नाशी गाठलेल्या सोसायट्याही आहेत, तिथे हे शिक्षण नसावे, याचे मला मनापासून वाईट वाटते. या विषयावर आपले अनुभव वाचायला आवडतील.

पेठकर
२० एप्रिल, रात्री ११:०२

ऋता, तुझ्या वयाची माझी नात आहे, म्हणून एकेरीत लिहितो. मी बांधकाम खात्यात ३३ वर्षे नोकरी केली आणि तू लिहिलेले जोत्याचे निरीक्षण शब्दशः खरे आहे. पुण्यातले अभियांत्रिकीचे शिक्षण १८५४ साली सुरू झाले ते इमारती, धरणे, कालवे, पूल ही सरकारी कामे उभी करणारी माणसे तयार करण्यासाठी, आणि नव्याने उभारण्याचा तो संस्कार आजतागायत आपल्या शिकवण्यात आहे. जुने कसे राखावे, हे आम्ही नोकरीत, वरिष्ठांच्या मागे हिंडून आणि चुका करून शिकलो. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे पाणी पेठांत शिरले, तेव्हा मी शाळेत होतो. पुराच्या वेळी उभे राहिलेले मातीच्या भिंतींचे वाडे पाणी ओसरल्यावर कसे बसले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. भिंतीत पाणी राहिले की काय होते, हे तेव्हापासून मला कोणी सांगावे लागले नाही.

आता कायद्याविषयी. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे ३० वर्षे झालेल्या इमारतीची नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घेणे मालकावर किंवा सोसायटीवर बंधनकारक आहे. हेतू उत्तम आहे, परंतु प्रत्यक्षात काय होते, ते सांगतो. आमच्या सोसायटीचे ऑडिट करायला दोन तरुण आले, पार्किंगमधल्या सहा खांबांवर रिबाउंड हॅमर (काँक्रीटच्या मजबुतीचा अंदाज देणारा हातोडा) मारला आणि तासाभरात निघून गेले. त्यांनी तो हॅमर गिलाव्यावर मारला. काँक्रीट उघडे करून, घासून सपाट केल्याशिवाय त्या आकड्याला काहीही अर्थ नसतो, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा वेळ नाही असे उत्तर मिळाले. गच्चीवर ते गेलेच नाहीत. आमच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगसाठी कोब्याचे तीन थर एकावर एक चढले आहेत आणि ते सगळे ओझे स्लॅब वाहतो आहे. अहवाल ४० पानांचा आला आणि त्यात कारण या सदराखाली सर्वत्र "वयोमान" असे लिहिले होते.

माझा एक वैयक्तिक प्रश्नही आहे. कसब्यात माझ्या चुलतभावाचा वाडा आहे. शेजारचा वाडा दोन वर्षांपूर्वी पाडला, पुढे वाद झाल्यामुळे ती जागा मोकळी पडून आहे, आणि आता आमच्या सामाईक भिंतीपाशी तडा गेला आहे. याकडे कसे पाहावे?

मीनल_कोथरूड
२१ एप्रिल, सकाळी ७:४५

माझा मुलगा यंदा बारावीला आहे आणि त्याला जुन्या इमारतींची आवड आहे. हा अभ्यासक्रम त्याने थेट परदेशात पदवीसाठी घ्यावा का, आणि परत आल्यावर पुण्यात त्याला काम करता येईल का, हे कृपया स्पष्टपणे सांगावे. घरी याच विषयावर रोज चर्चा होते आणि आम्हा दोघांनाही यातले काही कळत नाही.

ऋता
२१ एप्रिल, रात्री ८:३०

मीनलताई, स्पष्टच लिहिते. केवळ बिल्डिंग सर्व्हेइंगच्या पदवीवर पुण्यात इमारतीच्या सुरक्षिततेच्या प्रमाणपत्रावर सही करता येत नाही. त्यासाठी महापालिकेकडे स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून नोंदणी लागते, आणि ती स्थापत्य अभियांत्रिकीच्या शिक्षणावर व अनुभवावर मिळते. आर्किटेक्ट म्हणून काम करायचे असेल, तर आर्किटेक्चरचीच पदवी हवी. त्यामुळे त्याने आधी इथे स्थापत्य किंवा आर्किटेक्चर करावे आणि नंतर या विषयाकडे वळावे, असे माझे मत आहे. ब्रिटनमध्येही पदवी हातात पडली म्हणजे चार्टर्ड सर्व्हेअर, म्हणजे आरआयसीएसची मान्यता असलेला सर्व्हेअर, होता येत नाही; नव्या पदवीधराला साधारणपणे दोन वर्षे देखरेखीखाली काम करून, त्याच्या नोंदी ठेवून, तासाभराच्या मुलाखतीला सामोरे जावे लागते.

प्रत्यक्ष शिक्षण कसे असते, याबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण आपल्या मुलाला त्यावरूनच निर्णय घेता येईल. गणित फार कमी आहे. लिहिणे खूप आहे. एकाच घराचा अहवाल घर विकत घेणाऱ्यासाठी, भाडेकरूसाठी आणि न्यायालयासाठी असा तीनदा लिहावा लागे, आणि प्रत्येक वेळी पाहिलेले काय, त्यावरून काढलेले अनुमान काय आणि पाहता न आलेले काय, हे तीन भाग काटेकोरपणे वेगळे ठेवावे लागत. एकदा मी "छत ठीक आहे" असे लिहिले. मी ते छत रस्त्यावरून दुर्बिणीतून पाहिले होते आणि मागची बाजू मला दिसलीच नव्हती. तेवढ्या एका वाक्यावर शिक्षिका माझ्याशी पाऊण तास बोलल्या.

कायद्याचा भागही मोठा आहे. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवरला १४ जून २०१७ रोजी लागलेल्या आगीत ७२ माणसे गेली. ती आग बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळे भराभर पसरली होती, आणि आम्हाला ते प्रकरण तांत्रिक बाजूइतकेच जबाबदारीच्या बाजूनेही शिकवले गेले : कोणी काय तपासायला हवे होते, कोणी कोणावर विसंबून राहिले. त्या वर्गातून बाहेर पडल्यावर आम्ही कोणीच बराच वेळ बोललो नाही.

पेठकरकाका, तुमच्या प्रश्नाचे उत्तर वेगळे आणि नीट लिहिते.

आरती_प
२२ एप्रिल, दुपारी १:२०

मी आर्किटेक्ट आहे आणि गेली अनेक वर्षे जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीची कामे करते. ऋता यांचे निरीक्षण अचूक आहे, तरीही एका गोष्टीला माझी हरकत आहे. हे ज्ञान आपल्याकडे नव्हते आणि ते परदेशातून आणावे लागते, असा सूर त्यांच्या लेखनातून उमटतो. मी ज्यांच्याबरोबर काम करते ते वयस्कर सुतार खांबावर हातोडीने ठोकून केवळ आवाजावरून तो कुठपर्यंत पोकळ आहे हे सांगतात, आणि त्यांचा अंदाज चुकलेला मी क्वचितच पाहिला आहे. चुना किती दिवस भिजवायचा, घाण्यात किती मळायचा, कोणत्या भिंतीला कोणता गिलावा सोसतो, हे सांगणारे गवंडी याच शहरात होते आणि थोडे अजूनही आहेत. वाड्याचा भार लाकडी सांगाडा वाहतो व भिंत बरीचशी भरावाची असते, हे त्यांना कोणत्याही पाठ्यपुस्तकाशिवाय ठाऊक होते. त्यांना विचारले जात नाही, हे आपले खरे दुखणे आहे. नव्या पदव्या येतील आणि त्या माणसाचा अंदाज आणखी एका अहवालाखाली झाकला जाईल, अशी मला भीती वाटते.

अद्वैत_स्थापत्य
२२ एप्रिल, रात्री १०:१५

मी पुण्यातच स्थापत्य अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. परदेशी जाण्याची माझी परिस्थिती नाही. शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मला हा विषय घ्यायचा आहे, पण आमच्या प्रयोगशाळेत नव्या काँक्रीटचे ठोकळे फोडण्यापलीकडे फारसे काही होत नाही. कमी खर्चात मी कुठून सुरुवात करू?

ऋता
२३ एप्रिल, रात्री ९:५०

आरतीताई, तुमची हरकत मला मान्य आहे आणि माझ्या लिहिण्यातून तसा सूर निघाला असेल, तर तो माझा दोष आहे. खांब ठोकून पाहणे हे मला इंग्लंडमध्येही शिकवले गेले, आणि ते शिकवणारे गृहस्थ स्वतः मूळचे सुतार होते. फरक एवढाच की त्यांनी आवाज ऐकल्यावर खांबावर खडूने रेघ मारली, तिची उंची मोजली, छायाचित्र काढले आणि तारीख घातली. पाच वर्षांनी दुसरा कोणी आला, तर कुजणे त्या रेघेच्या वर सरकले आहे की नाही, हे त्याला कळेल. आपल्या सुताराचे ज्ञान त्याच्या जिभेवर राहते आणि त्याच्याबरोबर जाते. त्यांच्या बोलण्याच्या नोंदी आपण ठेवल्या पाहिजेत, त्यांचे नाव घालून. तुमच्याबरोबर हे काम करायला मला फार आवडेल.

अद्वैत, फिनॉल्फ्थॅलिनपासून सुरुवात कर. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते असतेच. एखाद्या जुन्या सोसायटीत दुरुस्तीसाठी खांब फोडलेला असेल, तिथे परवानगी घेऊन जा, ताज्या फोडलेल्या काँक्रीटवरची धूळ झटकून ते द्रावण फवार. निरोगी काँक्रीट गुलाबी होते. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ज्याची अल्कता गेली आहे ते रंगहीन राहते. पृष्ठभागापासून रंगहीन पट्टा किती मिलिमीटर आत गेला आहे हे मोज आणि सळईवरचे कव्हर, म्हणजे तिच्यावरच्या काँक्रीटची जाडी, मोज. तो पट्टा सळईपर्यंत पोहोचला असेल, तर तिचे संरक्षण संपले आहे आणि पुढे ओल मिळाली की ती गंजणार. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो, त्यामुळे कव्हर सुटून पडते. एकाच इमारतीत पावसाच्या माऱ्याची बाजू, न्हाणीघराची बाजू आणि कोरडी बाजू अशा तीन ठिकाणी एवढे केलेस, तरी वय सारखे असताना दुखणे वेगळे का, हे तुला लिहिता येईल. पेठकरकाकांच्या सोसायटीच्या अहवालातल्या "वयोमान" या शब्दाला तेच उत्तर आहे.

पेठकरकाका, आता तुमची भिंत. इंग्लंड आणि वेल्समध्ये सामाईक भिंतींसाठी १९९६ चा स्वतंत्र कायदा आहे. शेजाऱ्याला अशा भिंतीला हात लावायचा असेल, तर दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते, आणि बहुधा काम सुरू होण्यापूर्वी सर्व्हेअर दोन्ही बाजूंच्या खोल्यांतली प्रत्येक भेग नोंदवून ठेवतो. दोन्ही शेजारी मिळून एकच सर्व्हेअर नेमू शकतात, आणि पैसे कोणीही दिले तरी त्याने कोणाचीही बाजू घ्यायची नसते. पेठांत भिंतीला भिंत लागून वाडे आहेत, एक पाडला की दुसऱ्याचा आधार जातो, आणि आपल्याकडे पाडण्यापूर्वी अशी नोंद करून ठेवणारा कोणी नसतो. तुमच्या भिंतीची तशी नोंद नाही, म्हणून ती आजपासून सुरू करू. तडा नेमका कुठे आहे आणि वर रुंद आहे की खाली, हे पाहा. तड्यावर आडव्या दोन काचपट्ट्या, एक वर आणि एक खाली, प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. वरून ओळंबा सोडून भिंत किती बाहेर गेली आहे, ते मोजा. मोकळ्या जागेच्या बाजूनेही एकदा भिंत पाहा, आणि तोपर्यंत तड्यात सिमेंट भरू देऊ नका.

पेठकर
१६ मे, सायंकाळी ६:४०

सांगितल्याप्रमाणे केले. तडा सामाईक भिंत आणि पुढची भिंत जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात उभा आहे. माडीच्या कडीपाटाखाली त्याची रुंदी १४ मिलिमीटर आहे, खाली येताना तो बारीक होत जातो आणि जमिनीपासून हातभर उंचीवर संपतो. २५ एप्रिलला पट्ट्या लावल्या. खालची शाबूत आहे. वरची ११ मे रोजी सकाळी तुटलेली दिसली. ओळंब्याप्रमाणे माडीच्या उंचीत भिंत मोकळ्या जागेकडे ३० मिलिमीटर झुकली आहे. त्या बाजूने पाहिले, तर शेजारच्या वाड्याच्या तुळया काढल्यावर राहिलेली नऊ भोके तशीच उघडी आहेत, भिंतीच्या माथ्यावर काहीही झाकण नाही, आणि भोकांखालची माती ओघळून विटा मोकळ्या झाल्या आहेत. दोन पावसाळे तिने असेच काढले आहेत.

ऋता
१६ मे, रात्री ८:०५

काका, तुमच्या या नोंदींतून कारण बरेचसे उलगडते. पाया खचला असता, तर तडा बहुधा खालच्या भागातही उघडा राहिला असता. इथे तो वर रुंद आहे, खाली मिटलेला आहे, आणि भिंत मोकळ्या बाजूला कलते आहे. म्हणजे ती वरून सुटून बाहेर वळते आहे. शेजारच्या तुळया तिच्यावर टेकत होत्या आणि तिला त्या बाजूने धरूनही ठेवत होत्या. तो आधार गेला, भोकांतून दोन पावसाळे पाणी आत मुरले आणि विटांमधली माती धुपली. सोळा दिवसांत पट्टी तुटली, याचा अर्थ ही हालचाल आजही चालू आहे, म्हणून जूनची वाट पाहू नये.

माडीची ती खोली आजच रिकामी करावी आणि खालच्या खोलीतही त्या भिंतीलगत कोणी झोपू नये. सोमवारी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावून मोकळ्या बाजूने तिरके टेकू लावून घ्यावेत. त्यासाठी शेजारच्या मालकाची लेखी परवानगी लागेल, आणि ती नाकारली गेली, तर कलम २६४ खाली महापालिकेकडे अर्ज करावा, कारण धोकादायक बांधकामाबाबत आयुक्तांना त्या कलमाखाली अधिकार आहेत. टेकू लागल्यानंतरच भोके विटा व चुन्याने बुजवायची, माथ्यावर पाणी बाहेर टाकणारे झाकण करायचे, आणि भिंत आतल्या तुळयांशी पट्ट्यांनी बांधायची की काही भाग उतरवून पुन्हा रचायचा, हे त्या इंजिनिअरने ठरवावे. तडा सर्वांत शेवटी भरायचा.

आरतीताई, तुमच्या ओळखीचे सुतार येऊ शकतील का? त्या भिंतीतले खांब ठोकून पाहायला हवेत. अद्वैत, तुलाही यायचे असेल तर ये. रविवारी सकाळी ८ वाजता मी शिडी, ओळंबा आणि खडू घेऊन पोहोचते. काका, तुटलेली पट्टी काढू नका. ती तशीच ठेवून तिच्याशेजारी नवी लावा आणि तिच्यावर उद्याची तारीख घाला.